साठातलं एक

तराजूनं जे दाखवलं ते मी आधी मानलंच नाही. दारूचा डबा खाली उतरवला, वारा येत होता म्हणून खिडकी लावून घेतली, काटा पुन्हा शून्यावर आणला आणि डबा परत पारड्यात ठेवला. काटा तिथंच जाऊन थांबला.

डब्यात असायला हवी त्यापेक्षा दारू जास्त होती. किती जास्त, तेही मी तीनदा काढलं. बरोबर एका काडतुसाची.

१९८४ सालचा जानेवारी, शनिवार, सकाळचे पावणेदहा. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून आम्ही साठ काडतुसं भरली होती. डब्यातून साठांची दारू जायला हवी होती आणि गेली होती एकोणसाठांची. म्हणजे साठातलं एक काडतूस बाहेरून चकचकीत, बुडाला टोपी, तोंडाला गोळी, सगळं जागच्या जागी, आणि आत रिकामं. आणि ती साठही काडतुसं सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला गेली होती, आमचा नेमबाज अभय कणबरकर याच्या पेटीतून.

रिकामं काडतूस नुसतंच वाया जाणारं असतं तर मी रजिस्टर मिटून चहाला गेले असते. पण चाप ओढला की टोपी फुटतेच, आणि तेवढ्या धक्क्यानं गोळी पुढं सरकते आणि नळीत मध्येच अडकते. आवाज होतो फुस्सकन. नेमबाजाला तो कळला तर तो हात वर करतो, रायफल खाली ठेवतो. नाही कळला आणि त्यानं पुढचं काडतूस ओढलं, तर भरल्या दारूचा सगळा जोर त्या अडकलेल्या गोळीवर जातो. मग नळी फुटते, नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर.

मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मैदानामागं रायफल क्लबची खोली होती आणि क्लबकडं कॉलेजनं काढून टाकलेला एक तराजू होता. तो तराजू माझं ऐकायचा, म्हणून सुभेदार खराड्यांनी मला बोलावून घेतलं. तातोबा खराडे, लष्करात तीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून आलेले, तेव्हा सत्तरीला टेकलेले. आमच्या घरात मुंगीसुद्धा उचलून बाहेर सोडायची रीत. आई म्हणाली, "मगदुमांची पोरगी आणि बंदुकीची दारू?" मी म्हटलं, "आई, ते कागद मारतात. कागदात जीव नसतो." आईनं मान्य केलं नाही, पण डबा मात्र भरून दिला.

विकतची काडतुसं तीनशे मीटरवर एका ताटाएवढ्या जागेत पडायची. तीच रायफल, तोच माणूस. सुभेदार म्हणायचे, "नेम त्याचा चांगला हाय बाई. काडतुसं एका आईची न्हाईत." म्हणून ती हातानं भरायची. एका वजनाच्या गोळ्या, सारख्या वेळा वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, आणि दारू कणाकणानं सारखी. सुभेदारांच्या पद्धतीनं भरलेली दहा काडतुसं अभयनं पहिल्यांदा मारली तेव्हा भोकं एका वाटीखाली झाकली गेली. त्या दिवसापासून क्लबात माझ्याशी सगळे जपून बोलायला लागले.

त्याला दुसरंही कारण होतं. मी एक वही ठेवायचे. कोण चाप ओढताना डोळा मिटतो, कोण हुकला की वाऱ्याला दोष देतो, कोण चष्म्याला. अभयच्या नावापुढं लिहिलं होतं, 'चांगला. बायको बघायला आली की वाईट.' तो वीज मंडळात होता, सत्तावीस वर्षांचा. त्या शनिवारी कोल्हापूरच्या रेंजवर राज्याचा संघ निवडायचा होता, म्हणून सुभेदारही त्याच्याबरोबर गेले होते. चार जागा होत्या.

क्लबचे सेक्रेटरी रणनवरे वकील. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

"खात्री आहे बाई?"

"मला नाही. तराजूला आहे."

"तराजू म्हातारा आहे."

"पण मध्ये बोलत नाही."

त्यांनी उरलेली दाढी केली नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही जीपमध्ये होतो. रेंजवर फोन नव्हता. पहिला भाग साडेदहाला सुरू होणार होता, चाळीस गोळ्या सावकाश. दुसरा बाराला, वीस गोळ्या जलद, एका मिनिटात दहा-दहा. सावकाशीत फुस्स झालं तर अभयला कळेल. जलदमध्ये वीस रायफली एकदम चालतात, कानात बोळे असतात आणि हात थांबत नाही. तिथं नाही कळायचं.

"साठात एक," रणनवरे म्हणाले. "म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"वकीलसाहेब, तसं बघू नका. चाळीस नीट गेली तर विसात एक होतं."

जयसिंगपूरच्या फाटकाला मालगाडी आडवी आली. मी डबे मोजले. त्रेपन्न. त्यातला प्रत्येक डबा उभा राहून विचारपूस करून पुढं जात होता.

"चुकलं कुणाचं असेल?" रणनवऱ्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवत विचारलं.

"भरायला मी होते."

"सुभेदारही होते."

"ते गोळ्या बसवत होते. दारू मी ओतत होते."

"नाही, मी का विचारतो, हे कमिटीसमोर आलं तर भरणीचा परवाना जाईल. आपण असं करू. तिथं गेलो की हळूच अभयच्या कानात सांगू."

"आणि मग तो हळूच काय करेल?"

फाटक उघडलं.

मी त्या साऱ्या वाटेत शुक्रवारची दुपार उलटसुलट करून पाहत होते. सुभेदारांचा एक कडक नियम होता. भरणी चालू असताना खोलीत कुणी बोलायचं नाही. बोललं की मोजणी चुकते. लाकडी ठोकळ्यात साठ भोकं, भोकात साठ पुंगळ्या. एकीत दारू ओतली की डाव्या वाटीतला एक चिंचोका उजव्या वाटीत टाकायचा. चिंचोके बरोबर आले होते. मध्ये एकदा शिपाई आला, प्राचार्यांनी बोलावलंय म्हणाला, पण मी हातातली पुंगळी भरून, चिंचोका टाकूनच उठले होते. दहा मिनिटांत परत आले, तेव्हा दोन्ही वाट्या सोडल्या तशाच होत्या. माझ्या मोजणीत चूक सापडत नव्हती, आणि त्यामुळं मला जास्त भीती वाटत होती. सापडलेली चूक निदान एका जागी बसून राहते.

रेंजच्या अलीकडं अर्ध्या मैलावर आवाज ऐकू यायला लागले. एकेक, सुटे. मी प्रत्येक आवाजानंतर पुढच्याची वाट बघत होते. मग ते थांबले.

"का थांबले?" मी विचारलं.

"पहिला भाग संपला असेल," रणनवरे म्हणाले आणि गाडी आणखी जोरात काढली.

अभय सतरंजीवर मांडी घालून भडंग खात बसला होता. शेजारी सुभेदार, डोक्याला मफलर, काळी पेटी मांडीशी. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्यावरच चिडले.

"चाळीस झाल्या?"

"झाल्या की. तुम्ही कशा काय? माझी बायको नाही आली म्हणून खूश होतो, तर तुम्ही."

"एखादी फुस्स झाली?"

"तुमच्या हातची, आणि फुस्स? बाई, तिसरा आहे मी आत्ता."

मग मी सांगितलं. हळूच नाही, साध्या आवाजात. भडंगाचा घास त्याच्या तोंडात तसाच राहिला. सुभेदारांनी पेटी उघडून उरलेल्या वीस काडतुसांकडं पाहिलं. ती दहा-दहाच्या दोन ओळींत उभी होती, एकासारखं एक.

"हलवून बघू," रणनवरे म्हणाले.

"भरलेलं वाजत नाही, दारू दाबून भरलेली असते," मी म्हटलं. "आणि रिकाम्यात वाजायला काही नसतं."

"मग विकतची मार," रणनवरे अभयला म्हणाले. "आहेत ना बरोबर?"

"आहेत. वीस विकतची मारली तर तिसऱ्याचा तेरावा होईन." अभय काडतुसांकडंच बघत होता. "विसात एक. एकोणीस वेळा काही होत नाही."

"आणि विसाव्या वेळी तुझा डोळा जातो," मी म्हटलं.

"डोळे दोन आहेत."

"नेम कुठल्यानं धरतोस?"

तो हसला नाही. दुसरा भाग सुरू व्हायला सतरा मिनिटं होती. रेंज ऑफिसर निवृत्त कॅप्टन होते, मिशीला तेल लावणारे. त्यांनी घड्याळ पाहून सांगितलं, बाराच्या ठोक्याला जो आडवा झालेला नसेल तो बाद.

तराजू नव्हता, पण नळी साफ करायची सळई होती. मी अभयच्या दुर्बिणीच्या तीन पायांच्या तिकाटण्याला दोरा बांधला, त्याला सळई मधोमध अडकवली आणि दोन्ही टोकांना निशाणाच्या कागदाचे पुडे लटकवले. पुंगळ्यांत थोडा उणाअधिकपणा असतो, पण एका भरणीएवढा नसतो. एका पुड्यात एक काडतूस कायमचं, दुसऱ्यात एकेक बदलून. सळई वाऱ्यानं गरगर फिरायला लागली.

"सतरंजी धरा," मी म्हटलं.

एका बाजूनं वकील आणि दुसऱ्या बाजूनं राज्याच्या संघात जाऊ बघणारा माणूस, असे दोघं सतरंजीचा आडोसा धरून उभे राहिले. सुभेदार काडतुसं हातात देत होते. भोवती इतर क्लबांचे लोक जमले.

"सांगलीकरांनी सराफी काढली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

एक. दोन. तीन. सारखी. मला मध्येच वाटलं, कायमचं म्हणून ठेवलेलंच रिकामं असेल तर? मग हिशेब केला, तसं असतं तर पहिल्याच काडतुसाला दुसरं टोक खाली गेलं असतं. तरी मी ते बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अभयनं सतरंजीमागून घड्याळ पाहिलं. "नऊ मिनिटं, बाई."

सात, आठ, नऊ. पुडा हलायचा आणि तो स्थिर होईपर्यंत थांबावं लागायचं. अकरा. बारा. तेरा. मला आता तराजूबद्दलच शंका यायला लागली. डबाच चुकीचा असेल, कुणीतरी त्यात काही टाकलं असेल, आणि मी तीस मैलांवर येऊन शहाणपणाचा तमाशा मांडला असेल.

चौदावं ठेवलं आणि पुडा वर गेला. बाकीचे थोडे डुलायचे, हा सरळ वर गेला आणि तिथंच राहिला.

मी ते काढून अभयच्या हातात दिलं. त्यानं ते तळहातावर उचलून पाहिलं, मग दुसऱ्या हातात भरलेलं घेऊन पाहिलं. मग त्याचा उजवा हात नकळत गालाकडं गेला.

"दुसऱ्या ओळीतलं चौथं होतं," सुभेदार म्हणाले. "जलदचं. दुसऱ्या दहातलं."

उरलेली सहाही मी तपासली. सारखी निघाली. रिकाम्याच्या जागी एक विकतचं घातलं आणि अभय बाराला एक मिनिट कमी असताना आडवा झाला.

मला कुणी विचारलं की नेमबाजी कशी असते, तर मी ती दोन मिनिटं सांगते. वीस रायफली एकदम. त्यात आपली ओळखता येत नाही. मी फक्त अभयच्या हाताकडं पाहत होते, मागं, पुढं, चाप. दहा. मग पुन्हा दहा. एकोणीस भोकं जिथं हवी तिथं आणि एक विकतचं, बाहेर लांब. तो चौथा आला. चार जागा होत्या.

चहा लिंबाखाली होता. कॅप्टनही आले. अभयला चौथा नंबर इतका चढला होता की तो माझ्यासाठी भज्यांची दुसरी ताटली घेऊन आला. रणनवऱ्यांनी मात्र वकिली सोडली नव्हती.

"सुभेदार, झालं कसं हे?"

सुभेदारांनी बशी खाली ठेवली.

"बाई प्राचार्यांकडं गेल्या व्हत्या," ते सावकाश म्हणाले. "तवा एक पुंगळी मला शंकेची वाटली. कडेला दारू सांडल्यागत दिसली. शंका आली की वतून टाकायची, नव्यानं भरायची, ही आपली रीत. मी ती डब्यात वतली आन रिकामी जागेवर ठिवली."

"बाईंना सांगितलं नाही?"

"बाई आल्या त्या थेट वजनालाच बसल्या. भरणी चालू, मग बोलायचं कसं? नियम माझाच."

म्हणून चिंचोके बरोबर आले होते. भरताना मी चुकले नव्हते. मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगते. बरं वाटलं.

"म्हणजे तुमच्या नियमानं पोराचा डोळा गेला असता," रणनवरे म्हणाले.

"न्हाई साहेब. तेवढ्यावर कोण सोडतंय? गोळ्या बसवायच्या आधी बाई सगळ्या पुंगळ्यांत बॅटरी मारून बघत्यात. साठच्या साठ. रिकामी दिसली की भरत्यात. म्हणून तर मी गप बसलो."

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. कॅप्टनसुद्धा.

त्या शुक्रवारी बॅटरीचे सेल उतरले होते. दिवा लालसर पेटून विझला. ऑफिसातून दुसरी आणावी म्हणून मी उठले, आणि पाच वाजायला आले होते, आणि प्राचार्यांनी दिलेलं काम डोक्यात होतं, आणि खिडकीतून ऊन येत होतं. मी ठोकळा खिडकीशी नेला आणि पुंगळ्यांवरून नजर फिरवली. आत सगळीकडं काळंच दिसलं. दारू काळी असते. रिकामी पुंगळीही आत काळीच असते. मी ठोकळा सुभेदारांपुढं सरकवला आणि मान हलवली. त्यांनी गोळ्या बसवायला घेतल्या.

"बघितलं होतं," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. मी शब्द मोजून टाकला होता, दारूसारखा.

कॅप्टननी मिशीवरून हात फिरवला. रणनवऱ्यांनी सुभेदारांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. त्यांनी विषय बदलला. चांगले वकील होते.

परतताना रणनवरे आणि अभय पुढं बसले आणि संघाच्या कोटाचा रंग कुठला असतो यावर वाद घालत राहिले. मागं सुभेदार आणि मी, पायाशी रायफलीची पेटी. हातकणंगले मागं पडेपर्यंत सुभेदार बाहेर उसाकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"बाई, बॅटरीनं बघितलं व्हतं ना?"

त्यांनी आरोप केला नव्हता. ते आपली आठवण माझ्या आठवणीशी जुळवून बघत होते, तराजू जुळवतात तशी. मी खरं सांगितलं असतं तर पुढच्या दोघांना जीपच्या आवाजात ऐकूही गेलं नसतं.

"बॅटरीनंच," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ मान हलवली.

"मग झालं. मग मी वतली ती तुमी बघितल्याच्या मागनं वतली आसणार. मला वाटतंय आधी वतली. आसंच वाटतंय अजून." ते थोडं हसले. "वय झालं बाई."

सोमवारी त्यांनी खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. कमिटीनं काही म्हटलं नव्हतं, रणनवऱ्यांनी मिटवलं होतं. सुभेदारच म्हणाले, हात चालतोय पण डोक्याचा भरवसा न्हाई, पोरांच्या डोळ्यांशी खेळ नको. मी किल्ली घेतली. अकरा वर्षं मी ती भरणी सांभाळली, आणि प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारली.

सुभेदार पुढं नऊ वर्षं होते. बाजारात भेटायचे, थांबायचे, नातवाचं सांगायचे, गुडघ्याचं सांगायचे. तल्लख होते शेवटपर्यंत. पण त्या शनिवारनंतर कुठलीही गोष्ट सांगायला लागण्याआधी ते थबकायचे आणि विचारायचे, "बाई, हे मी तुमाला मागं सांगितलंय का?"

त्यांनी सांगितलेलं नसायचं. एकदाही नसायचं.